आवाज मोठा हवा

मी मास्तरांच्या गाडीतली रस्ता सांगणारी बोलतेय. दुकानात मला जीपीएस म्हणत. मास्तर नुसतं 'हं, बोल' म्हणतात. आणि मास्तरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'सवत' ठेवलं. आहे मी तळहाताएवढी. पुढं काच, पाठीला रबरी चकती, पोटात लाखभर रस्ते. आवाज बाईचा दिलाय, म्हणून मीही स्वतःला बाईमाणूसच समजते.

स्वभावानं मी संशयी आहे. त्यात माझा दोष नाही, माझी घडणच तशी. वरचा एक उपग्रह म्हणाला की तू अमुक जागी आहेस, तर मी लगेच मान डोलवत नाही. दुसऱ्याला विचारते, तिसऱ्याला विचारते, चौथ्याची साक्ष जुळली की मगच तोंड उघडते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका बसलेल्या असायच्या. अगदी टोकाला बसणाऱ्या बाईकडे आवाज तपासायचं काम होतं. ती बटण दाबायची, मी 'उजवीकडे वळा' म्हणायचे, ती शिक्का मारायची. दिवसभर हजारदा 'उजवीकडे वळा' ऐकून ती संध्याकाळी घरी कशी पोहोचत असेल, कोण जाणे.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते गाद्या विकणाऱ्या एका गृहस्थानं. आठव्या दिवशी मी त्याला एका गल्लीत वळायला सांगितलं. ती गल्ली एका महिन्यापूर्वीच एकेरी झाली होती. समोर पोलीस उभा. गृहस्थ तडक दुकानात आला आणि चारचौघांत म्हणाला, "ही खोटारडी आहे. घ्या परत."

दुकानदारानं मला पुन्हा खोक्यात घातलं, नवी चिकटपट्टी लावली आणि सीटकव्हरच्या गठ्ठ्यामागे खालच्या फळीवर सरकवून दिलं. तिथं मी सात महिने काढले. दुधानं तोंड पोळलं की माणसं ताकही फुंकून पितात. मी तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे डोळे वटारून बघायला लागले होते. हा नेईल, आठ दिवस वापरेल आणि खोटारडी म्हणून आणून टाकेल.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक जोडपं दुकानात आलं. दोघंही साठीच्या पुढची. गृहस्थ उंच, ताठ, शर्टाच्या खिशाला पेन. बाई बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर अशी की भिंतीवरची पालसुद्धा सरळ होऊन बसावी.

दुकानदार गल्ल्यावरून उठलाच. "मास्तर! तुम्ही?"

मास्तरांनी पस्तीस वर्षं गाडी चालवायची शिकवणी चालवली होती. अर्ध्या शहराचा पाय क्लचवर पहिल्यांदा पडला तो त्यांच्याच शेजारी बसून. हा दुकानदारही त्यांचाच विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शिकवणी बंद केली आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली ती गाडी विकून एक साधी गाडी घेतली.

"रस्ता सांगणारं यंत्र हवंय," मास्तर म्हणाले.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

दुकानदार हसायला लागला, मग कुणीच हसत नाही म्हणून थांबला. "मास्तर, तुम्हाला जीपीएस म्हणजे सूर्याला कंदील! आणि हल्ली ते फोनमध्येच असतं की."

"फोनमध्ये मधेच कुणीतरी कडमडतं. वेगळं दाखव."

त्यानं पहिलं यंत्र काढलं ते पाटीएवढं. स्क्रीनवर इमारती उभ्या राहिलेल्या, झाडांना पानं. "बघा मास्तर, अगदी सिनेमा!" मास्तरांनी त्याच्यावरून नुसता हात फिरवला. "दिसायला काय करायचंय? बोलतं का?" ते बोललं. "ही कुजबुजते," मास्तर म्हणाले. "आवाज मोठा हवा."

दुसऱ्याचा आवाज मोठा होता, पण ते ऐन वळणावर आल्यावर 'वळा' म्हणालं. मास्तरांनी ते बाजूला सारलं. "वळणावर येऊन वळा म्हणायचं? शिकाऊ माणसाला मी असं सांगितलं असतं तर गाडी भिंतीत गेली असती." तिसरं फक्त 'पुढं डावीकडे' म्हणायचं, रस्त्याचं नाव घ्यायचं नाही. तेही नापास.

मग दुकानदार खाली वाकला. सीटकव्हरं सरकली आणि सात महिन्यांनी माझ्या खोक्यावर उजेड पडला. "ही एक आहे, पण जुन्या ठेवणीची. स्क्रीन एवढीशीच." मी परत आलेला माल आहे, हे त्यानं सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, चोर आहेस लेका.

बटण दाबलं. मी घसा साफ केल्यासारखी खरखरले आणि बोलले, "तीनशे मीटरवर डावीकडे, छापखान्याच्या रस्त्यावर वळा." मग, "शंभर मीटरवर डावीकडे वळा." मग, "आता डावीकडे वळा."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा बोलले. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी डोळे उघडले. "हीच दे."

"अहो, बघा तरी एकदा!" मास्तरीणबाई मधे पडल्या. "स्क्रीन काड्यापेटीएवढी आहे."

"गाडी चालवताना स्क्रीन बघायची नसते."

पस्तीस वर्षं हेच वाक्य त्यांनी लोकांना सांगितलं होतं. पण मास्तरीणबाईंची नजर माझ्यावरून हलेना. जन्मभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. एखादा अनुस्वार पळाला तर त्या त्याला पानाच्या कडेवरून धरून आणत. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, जणू माझ्यातच कुठंतरी चूक लपलेली आहे.

गाडीत बसल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "एक विचारू? तुम्हाला माहीत नाही असा कुठला रस्ता आहे या शहरात? आणि तिथं तुम्हाला जायचंय कशाला?"

"नवे पूल झालेत. नवे वळणरस्ते झालेत," मास्तर म्हणाले आणि गाडी सुरू केली.

मला तेव्हाच कळलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

पहिल्या काही दिवसांत माझा संशय वाढतच गेला. मास्तर मला रोजचेच रस्ते विचारायचे. भाजीबाजार, बँक, पोस्ट. हे रस्ते त्यांना झोपेतही आले असते. मला वाटलं, हे माझी परीक्षा घेतायत. कारण मी बोलले की ते शेरे मारायचे. "बरोबर." "लवकर सांगितलंस." "इथं पुढं खड्डा आहे, तो तुला ठाऊक नाही." शाळेतल्या मुलीसारखी मी रोज पास-नापास होत होते.

दुसरी गोष्ट. ते माझ्याकडे एकदाही बघायचे नाहीत. सुरुवातीला मला समोरच्या काचेवर चिकटवलं होतं, तिथून काढून त्यांनी मला खाली गिअरच्या बाजूला ठेवलं, तोंड सीटकडे करून. माझी स्क्रीन कापडाला प्रकाश दाखवत बसायची. अपमानच तो. पण आवाज मात्र शेवटच्या खुणेपर्यंत चढवलेला.

आणि तिसरी. दिवस कलायला लागला की ते गाडी काढायचे नाहीत. कुणी संध्याकाळी बोलावलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "हल्ली उशिरापर्यंत बाहेर राहवत नाही." मास्तरीणबाई म्हणायच्या, "अहो, तुम्ही? तुम्ही तर पहाटेपर्यंत गप्पा मारणारे." मास्तर आरसा नीट केल्यासारखं करायचे. आरसा नीटच असायचा.

पण सगळ्यात मोठं गूढ होतं मंगळवारचं. दर चौथ्या मंगळवारी मास्तर एकटे निघायचे. घरी सांगायचे, जुन्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जातो. गाडीत बसले की दार लावून हळू आवाजात मला पत्ता सांगायचे. हा पत्ता शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा, तीन मजली इमारतीचा. मी त्यांना फाटकापर्यंत न्यायचे. फाटकाच्या आत काय आहे, ते मला कळत नाही. माझं जग फाटकापाशी संपतं.

तासाभरानं मास्तर परत यायचे. येताना चालीत ताठपणा नसायचा. गाडीत बसून काळा चष्मा लावायचे, सीट मागे करायचे आणि दोन-दोन तास नुसते पडून राहायचे. बुद्धिबळाचा पट नाही, मित्र नाही. पोलिसांना चुकवणारा माणूस बसतो, तसे बसून राहायचे. मग केव्हातरी चष्मा काढायचे, डोळे मिचकावून समोरच्या भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "हं, बोल."

मी बोलायचे. पण मनात म्हणायचे, मास्तर, चोराच्या मनात चांदणं!

संशय माझा एकटीचाच होता असं नाही. एका दुपारी मास्तर झोपले असताना मास्तरीणबाई खाली आल्या. गाडीत बाजूच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी मला हातात घेतलं. कानामागे पेन्सिल होती. त्यांनी 'मागील ठिकाणं' हे बटण शोधून काढलं आणि एकेका ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवत वाचायला सुरुवात केली. बाजार, बँक, पोस्ट, बाजार. मग तो पत्ता. खाली पुन्हा तो पत्ता. तारखा मंगळवारच्या.

"सांग की गं सवती," त्या मला म्हणाल्या, "काय आहे तिथं?"

मी म्हणाले, "मार्ग शोधत आहे." एवढंच मला येतं.

त्यांनी तिथूनच धाकट्या बहिणीला फोन लावला. "मित्र म्हणे! बुद्धिबळातला तो मित्र गेल्या वर्षीच मुलाकडे परगावी राहायला गेला. मला काय आठवत नाही? … अगं वयाचं काय घेऊन बसलीस! … ती नव्हती का एक, निळ्या स्कूटरवाली? आठ महिने गाडी शिकत होती आणि तरी नापास झाली. आठ महिने कुणी क्लच शिकतं का?" पलीकडून बहीण काहीतरी म्हणाली. मास्तरीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. "हसू नकोस. पेपरसुद्धा वाचत नाहीत हल्ली. तूच वाच मोठ्यानं, म्हणतात. शब्दकोडं तसंच पडलेलं असतं. मनच नाही घरात."

मी सगळं ऐकलं. आणि कबूल करते, मलाही ते पटलं. चार साक्षींशिवाय न बोलणारी मी, पण मनातल्या मनात मीही मास्तरांवर शिक्का मारून टाकला होता.

पुढच्या आठवड्यात ती धाकटी बहीण जिन्यावरून घसरली आणि तिच्या पायाला प्लास्टर घातलं. तिला भेटायला जायचं ठरलं. ऊन लख्ख, सकाळचे साडेदहा वाजलेले. मास्तरीणबाई गाडीत बसल्या, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. पर्सवरची त्यांची बोटं सारखी हलत होती. मी ओळखलं, आज त्या विचारणार. चालत्या गाडीतून माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

मोठा चौक गेला. पूल गेला. मी म्हणाले, "पाचशे मीटर सरळ जा."

"अहो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "त्या दुसऱ्या टोकाच्या पत्त्यावर कोण राहतं?"

मास्तरांचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. "कुठल्या?"

"दर चौथ्या मंगळवारी जाता, त्या. मला सवतीनं सांगितलंय."

त्या बोलत होत्या आणि त्यांची मान मास्तरांकडे वळलेली होती. त्यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. मास्तरांच्या आधी मीच बोलले. "तीनशे मीटर सरळ जा."

माझ्या पोटातल्या नकाशात तो रस्ता सरळ होता. त्या दिवशी सकाळी आठ वाजता तो खणायला घेतला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समोर लाल पट्ट्यांचे अडथळे लावले होते. एवढा थोरला फलक होता, 'रस्ता बंद'. त्याच्यासमोर एक बाई लाल झेंडी हलवत उभी होती. मास्तर सरळ गेले. मी सांगितलं होतं ना, सरळ!

झेंडीवाली बाई ओरडली आणि बाजूला उडी मारून मातीच्या ढिगावर पडली. अडथळा गाडीच्या पुढच्या भागाला आपटून उडाला. मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला तेव्हा पुढचं डावं चाक चरात उतरलं होतं आणि चरात कमरेएवढ्या खोल उभे असलेले दोन मजूर फावडी टाकून मागे सरकले होते. त्यांच्यात आणि चाकात हातभर अंतर राहिलं.

मी माझ्या जागेवरून उडून मास्तरीणबाईंच्या पायाशी पडले. पडल्या पडल्या मी म्हणाले, "सरळ जा."

झेंडीवाली बाई उठली. कोपर खरचटलं होतं, त्यातून रक्त येत होतं. ती खिडकीपाशी आली आणि काचेवर थाप मारून ओरडली, "डोळे फुटले काय तुमचे? एवढा मोठा फलक दिसत नाही? माणसं मारणार होता की!"

पस्तीस वर्षांत त्यांच्यावर रस्त्यात कुणी आवाज चढवला असेल, असं मला वाटत नाही. ते तसेच समोर बघत बसले.

आणि मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. ती नजर मी ओळखत होते. पानभर मजकुरात एकच चूक सापडावी आणि तिच्यामुळे सगळ्या ओळींचा अर्थ बदलावा, तशी.

"अहो," त्या म्हणाल्या. "फलक दिसला नाही तुम्हाला?"

"नाही."

"आणि ती बाई?"

"बाजूला उडी मारली तेव्हा दिसली." मास्तर थांबले. "कडेचं दिसतं मला. समोर बघितलं की मधोमध धूर असतो. माणसाच्या तोंडाकडे बघितलं तर कान दिसतात, तोंड नसतं."

"कधीपासून?"

"तुझ्याबरोबर यंत्र घ्यायला गेलो, त्याच्या पंधरा दिवस आधी कळलं. पडदा खराब होतोय डोळ्यांचा. तिथं जातो, त्या इमारतीत. दुसऱ्या मजल्यावर दवाखाना आहे."

"काय करतात तिथं?"

"डोळ्यात सुई देतात."

मास्तरीणबाईंच्या हातातली पर्स खाली पडली, ती माझ्यावरच. त्यामुळे पुढचं मी अंधारात ऐकलं. मग त्यांचा आवाज आला, आणि मला वाटलं होतं तसा तो रडका नव्हता. संतापलेला होता.

"पाच महिने. पाच महिने डोळ्यात सुई टोचून घेत होतात, एकटे. आणि मला शेजारी बसवून गाडी चालवत होतात. आत्ता ती दोन माणसं मेली असती. काय सांगणार होतात त्यांच्या घरी? आवाज मोठा होता म्हणून?"

"रस्ते पाठ आहेत मला. वाटलं, वळण कुठं आलं तेवढं कुणी सांगितलं तर निभावेल." मग अगदी हळू ते म्हणाले, "गाडीच गेली तर मला मास्तर कोण म्हणणार?"

त्यांनी पर्स उचलली आणि माझ्यावर पुन्हा उजेड पडला. दार उघडल्याचा आवाज आला.

मास्तर खाली उतरले होते. गाडीला हात लावत लावत ते झेंडीवाल्या बाईपर्यंत गेले. "बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात ते खरंय. डोळे गेलेत माझे."

ती गडबडली. "अहो, मी आपलं रागानं म्हटलं."

"रागानं असेल, पण खरंय."

तिनं फडक्यानं कोपर पुसलं. मग तिनं सरळ विचारलं, "मग गाडी कशाला चालवता, काका?"

मास्तरीणबाईंनी पर्समधून रुमाल काढून तिच्या कोपराला बांधला, आणि बांधता बांधताच मास्तरांना म्हणाल्या, "किल्ली द्या."

"अगं, तुला जमायचं नाही. वीस वर्षं हात लावला नाहीस गाडीला."

"का नाही लावला? सगळ्या गावाला प्रेमानं शिकवलंत आणि मी चालवायला बसले की तुमचा पाय तुमच्या ब्रेकवर आणि तोंड माझ्यावर. या गाडीत तुमच्या बाजूला ब्रेक नाही. किल्ली द्या."

चरातल्या दोघांनी आणि आणखी तिघांनी मिळून चाक उचलून वर घेतलं. मास्तरीणबाई चालकाच्या जागेवर बसल्या. सीट इतकी मागे होती की पाय पोहोचेनात. त्यांनी ती पुढं ओढली, आरसा खाली केला. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली आणि गोगलगायीसारखी वळली. बाजूला बसलेल्या मास्तरांचा उजवा पाय सारखा मोकळ्या चटईवर दाबला जात होता. पण तोंडातून चकार शब्द नाही.

त्या दिवसापासून मास्तरांनी गाडी चालवली नाही. परवाना त्यांनी स्वतःच कपाटात ठेवून दिला. मंगळवारी आता दोघं मिळून जातात. मास्तरीणबाई फाटकाच्या आतही जातात आणि येताना त्यांचा हात धरून आणतात. सुईनं गेलेली नजर परत येत नाही म्हणे, पण उरलेली टिकते. हे मी त्यांच्याच बोलण्यातून ऐकलं.

माझं काय झालं? माझ्यावरचा विश्वास उडाला, आणि त्यात गैर काही नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, "ही उंटावरून शेळ्या हाकणारी. वर बसून सांगते सरळ जा, खाली खड्डा का असेना." तरी काही दिवस त्यांनी मला चालू ठेवलं. पण मग भलतंच सुरू झालं. मी म्हणायचे, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा." बाजूला बसलेले मास्तर म्हणायचे, "तिचं ऐकू नकोस, डावीकडे घे. बेकरीचा वास आला ना, आता चढ लागेल, चढाच्या वर डावी गल्ली, निम्म्या वेळात पोहोचशील." आणि खरंच निम्म्या वेळात पोहोचायचो. पुलाच्या सांध्यांवर गाडी किती वेळा खडखडली, हे मोजून ते सांगायचे की आता कुठं आलो. माझ्याकडे बेकरीचा वास नाही.

"दोघांचं ऐकत बसले तर मी पोहोचायची कधी?" असं म्हणून एक दिवस मास्तरीणबाईंनी माझं तोंड बंद केलं आणि मला पुढच्या कप्प्यात टाकलं. सीटकव्हरच्या मागे होते, आता गाडीच्या कागदांच्या मागे गेले. मला राग आला नाही. जी जागा मास्तरांची होती, ती मास्तरांना मिळाली.

चार-सहा महिने गेले असतील. एका सकाळी कप्पा उघडला आणि मास्तरांचा हात चाचपडत माझ्यापर्यंत आला. त्यांनी मला घरी नेलं, चार्ज केलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं, पेनाच्या शेजारी. "पायी चालणाऱ्यांसाठी असंही एक बटण असतं म्हणे तुझ्यात," ते म्हणाले. "हं, बोल."

तेव्हापासून मी चालतेय. गाडीत तीनशे मीटर म्हणजे चुटकीसरशी. पायी तीनशे मीटर म्हणजे पाच मिनिटं, एक भुंकणारं कुत्रं, दोन ओळखीचे आवाज आणि एखादा तुटलेला फरशीचा तुकडा. बॅटरी म्हातारी झालीय, अर्धा तास पुरते. काचेला कोपऱ्यात तडा आहे. मास्तर अर्ध्या तासाच्या आत घरी येतात, कारण पस्तिसाव्या मिनिटाला मास्तरीणबाई शोधायला निघतात. त्यांचा संशयी स्वभाव कायम आहे. फक्त आता त्यांचा रोख रस्त्यांवर असतो.

ज्यांच्या गाडीत माझ्यासारखी कुणी असेल, त्यांना मी एकच सांगते. आम्ही खोटारड्या नाही, पण आम्ही आंधळ्या आहोत. आम्हाला फलक दिसत नाही, झेंडी दिसत नाही, चरात उभा असलेला माणूस दिसत नाही. ते बघण्याचं काम तुमचं. आणि ते होत नसेल, तर ते आम्हाला सांगू नका, घरच्यांना सांगा. मला पाच महिने सगळं ऐकू येत होतं, पण माझ्या पोटात 'थांबा, हा माणूस बघत नाहीये' असं एकही वाक्य भरलेलं नव्हतं.

कालचीच गोष्ट. मास्तर वाचनालयाकडे निघाले होते. तिथं आता मोठ्यानं वाचून दाखवणारं मंडळ आहे. मोठ्या रस्त्यापाशी मी सांगितलं, "रस्ता ओलांडा." मास्तर थांबले. मोटारी जात होत्या. शेजारी कुणीतरी उभं होतं, मास्तरांनी मान थोडी तिरकी करून कडेच्या नजरेनं पाहिलं.

"ताई, मला नीट दिसत नाही," ते म्हणाले. "जरा पलीकडे सोडता का?"

इतक्या सहज म्हणाले की मीच चपापले. अनोळखी माणसाकडे अशी मदत मागताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आणि लगेच मला शंका आली, कोण ही? कशी आहे? मास्तरांना मधेच सोडून तर जाणार नाही?

तिनं त्यांचा दंड धरला. दोघं निघाली. मधे दोनदा थांबली, एकदा तिनं हात वर करून कुणालातरी थांबवलं असावं, कारण ब्रेकचा आवाज आला. पलीकडच्या कडेवर चढताना तिनं विचारलं, "अजिबात दिसत नाही का काका?"

"कडेचं दिसतं. तुमच्या हातातली पिशवी दिसते, हिरवी. चेहरा दिसत नाही."

"बरंच झालं," ती म्हणाली. "आज केस विंचरायला वेळच झाला नाही."

मास्तर हसले. खिशात असल्यामुळे ते हसू मला आधी जाणवलं, मग ऐकू आलं. ती बाई तिच्या वाटेनं गेली तरी ते हसतच होते.

पुढं दहा पावलांवर उजवीकडे वळायचं होतं. मी गप्प राहिले. मास्तर आपले आपण वळले.